ओंजळभर की टाकीभर

३ ऑक्टोबर

ती. दादास,
प्रभूच्या नावात सलाम.

चार वर्षांनी बहिणीचं पत्र बघून दचकू नकोस. ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. नळी अजून आत आहे, ताप हटत नाही. वायरमनला पाण्यात कशाला ढकलता, अशी चेष्टा करत आयुष्यभर बाप्तिस्मा टाळला आणि आता स्वतःहून मागतायत. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, टाकीत पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, आणि नळी असताना ते जमायचं नाही. पण विश्वास आहे ना, मग घोर नको, पाणी ही नुसती साक्ष. मीही हेच मानते. तरी जिवाला स्वस्थता नाही. ह्यांचं एकच पालुपद, तुझ्या दादाला बोलव. तूही पाळकच, पण तुमच्या चर्चच्या रीतीनं कपाळावर ओंजळभर पाणी ओतून बाप्तिस्मा देतोस. येशील?

तुझ्या मायेची,
छकुली

६ ऑक्टोबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

मोठेपणी टाकीत उतरून तू पुन्हा बाप्तिस्मा घेतलास, तेव्हा तान्हेपणी बाबांनी तुझ्या कपाळावर ओतलेलं पाणी तू खोटं ठरवलंस, असं मला वाटलं. अजून वाटतं. माझ्या लेखी बाप्तिस्मा ही माणसाची साक्ष नव्हे, देवानं दिलेला शब्द आहे; पाणी थोडं असो की फार. तुझं मन राखायला मी येणार नाही. दाजींनी मागितलंय, म्हणून शनिवारी येतो. तू खोलीत थांबलीस तर बरं वाटेल. न थांबलीस तरी रागावणार नाही. वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

२० नोव्हेंबर

ती. दादास, सलाम.

त्या शनिवारी तू ह्यांना बाप्तिस्मा दिलास तेव्हा मी दाराबाहेरच उभी राहिले, त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. हे आता शिडीवर चढायच्या गप्पा मारतात. आमचे पाळक घरी आले, म्हणाले, बरे झालात, आता टाकीत उतरा. ह्यांनी हात जोडून सांगितलं की माझं झालंय. मी दोघांना चहा दिला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली फिरली. बुडवून बाप्तिस्मा न झालेल्याला आमच्याकडे ती देत नाहीत. ह्यांनी हात पुढे केला; ताटली तशीच पुढे गेली. ह्यांनी हात परत मांडीवर घेतला. दादा, ह्यांचा बाप्तिस्मा झाला असं मी अजूनही मानत नाही. पण माझा तुकडा मोडून अर्धा मी ह्यांच्या तळहातावर ठेवला. सगळ्यांनी पाहिलं.

त्या तुकड्याचा जाब विचारायला पाळकांनी मला गुरुवारी बोलावलंय. हे म्हणतात, मीही येतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
छकुली