चक माझ्यासोबत आहे

रजत,

लेथ पाहायला आज दारव्ह्याचा माणूस येणार, त्याला चहा पाज. पण लेथचा चक, लोखंड पकडून फिरवणारा, पिशवीत घालून मी नेरला तुझ्या आत्याकडे निघालो आहे. बिनचकाचा लेथ कोण घेते, तेवढं मले पाहायचं आहे.

तू म्हणाला, "बाबा, तुमाले डायलवरच्या रेघा दिसत नाही, आता लेथ कायले ठेवता?" बरोबर आहे. म्हणून रेघा पाहणंच सोडलं. माप घ्यायचा स्वस्तातला डिजिटल व्हर्नियर आणला, त्याचे जबडे कापले आणि पट्टी लेथच्या स्लाईडवर बसवली. टूल जेवढं सरकते तेवढे आकडे बदलतात, अन् मले बिनचष्म्याचे दिसतात. पहिला व्हर्नियर कापताना मेला, म्हणून दुसरा तुझा घेतला. शोधत बसू नको. त्यातला सेल तुझ्या अपेक्षाच्या बोलक्या बाहुलीतला आहे. बाहुलीनं मौन धरलं म्हणून सांग तिला.

कापसाचा धंदा बसला, जिनिंग मिलची कामं गेली, हे मलेही समजते. पण आत्याच्या शेजारी पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, फिरता दांडा, झिजला आहे. तो आपल्या लेथवर नीट करायला घेऊनच येतो. तोपर्यंत तो माणूस गेला नसेल, तर त्यालाच शाफ्टचं दुसरं टोक धरायला लावीन.

बाबा