कवळीची रंगीत तालीम

प्रिय छोट्या,

चाळिशी उलटली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी माझ्यासाठी तू छोट्याच. पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण चार महिन्यांपूर्वी तू म्हणालास, “ताई, दे ती कुत्री सोडून कुठेतरी,” आणि मी फोन आपटला. कागद आपटता येत नाही, म्हणून हे पत्र. विषय तोच आहे, कवळी. मी अचानक आडवी झाले तर तिचं कोण बघणार, हे मला आता पक्कं करून टाकायचंय.

त्या शनिवारी दातांच्या लॅबमध्ये कुणाचा तरी वरचा जबडा घासता घासता मी कोसळले. हाताला ओलं प्लास्टर तसंच होतं म्हणे. दवाखान्यात नर्सनं विचारलं, “घरी कोणी आहे का?” आणि मी सवयीनं म्हणाले, “कोणी नाही, एकटीच असते.” नऊ वर्षं जी माझ्या पायाशी झोपते, लहानपणी पेशंटची तयार कवळी चावून जिनं स्वतःचं नाव कमावलं, ती माझ्या तोंडून कोणीच नाही झाली. नीट शुद्धीवर येऊन तुला फोन केला तोवर रविवारची दुपार झाली होती. घराची किल्ली लॅबच्या खणात, लॅबला कुलूप. दीड दिवस ती पाण्याशिवाय होती.

तेव्हापासून मी कामाला लागले आहे. पाकिटात कार्ड ठेवलंय: ‘माझ्या घरी कुत्री आहे.’ एक किल्ली खालच्या औषधवाल्याकडे दिली. तिच्या डॉक्टरांकडे लिहून ठेवलं की मला विचारायला थांबू नका, उपचार करा. सांधेदुखीची अर्धी गोळी, ती उकडलेल्या अंड्याच्या बलकात दडवायची, हे फ्रिजवर चिकटवलंय. मग रंगीत तालीमही केली. मी कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई किल्ली घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांत बाहेर. “अहो, ढुंकून बघत नाही ताटलीकडे. माझ्यावरच नजर!” चूक माझीच. पहिल्या दिवसापासून मी जमिनीवर तिच्या शेजारी बसून जेवते, त्यामुळे शेजारी कोणी बसल्याशिवाय ती तोंड लावत नाही. आणि नर्सबाईंचे गुडघे असे की एकदा खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतील.

त्या दिवशी जिन्यात टेकून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तू सांगितली नाहीस. त्या रविवारी कुलूपवाला येईपर्यंत तू दोन तास माझ्या बंद दारासमोर उभा होतास. आत ती रडत होती आणि तू बाहेरून तिला तुझ्या ड्यूटीच्या बसचे थांबे म्हणून दाखवत होतास. शाळा, पाण्याची टाकी, न्यायालय, जुना पूल, बाजार. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचास आणि परत उलटा यायचास. तिसऱ्या फेरीला ती गप्प झाली म्हणे. दार उघडल्यावर मात्र तू भिंतीला चिकटलास आणि कुलूपवाल्यालाच पाणी ठेवायला सांगितलंस. नर्सबाई हसून सांगत होत्या. मला हसू आलं नाही.

कारण तू कुत्र्यांना का घाबरतोस, हे मला ठाऊक आहे. तू सात वर्षांचा, मी दहाची. गोदामामागून तो काळा कुत्रा धावत आला, तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. मी तो सोडला आणि कठड्यावर चढले. आईला सांगितलं, “यानंच शेपूट ओढलं.” तुला इंजेक्शनंही मिळाली आणि थप्पडही. तू ते कधी खोडून काढलं नाहीस, आजपर्यंत. छोट्या, तू शेपूट ओढलं नव्हतंस. हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं मागायचा मला हक्क नाही.

पुढच्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातल्या सत्त्याण्णव जणी घरी जातात. उरलेल्या तिघींच्या कुत्र्यांचं काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. दवाखान्याचे दहा दिवस नर्सबाई तिला फिरवतील, जेवायला मात्र तू बसायचंस. आणि मी आलेच नाही, तर ती तुझी. या रविवारी सकाळी ये, मी घरात असतानाच एकदा तिच्या शेजारी बसून बघ. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत तसं कळव. मी रागावणार नाही, पण दुसरं माणूस शोधायला मला वेळ लागेल. जमणार असेल तर काही कळवू नकोस, सरळ ये. जुनी पँट घालून ये. खाऊन झालं की ती मांडीवर तोंड पुसते.

तुझीच, आणि तिचीही,
ताई