मांडीतली सळई, चुलीवरचा तवा

माय,

सुतक फिटलं. आज तुझा बिडाचा तवा चुलीवर ठेवायला काढला, तर त्याला गंज चढलेला! सुतकात घरात तवा चढत नाही, शेजारच्यांच्या भाकरी येत होत्या, आणि तेवढ्यात यानं तोंड लाल केलं. तू असतीस तर माझा उद्धारच केला असतास. म्हणून लिहायला बसले.

आठवतं, मांडीचं हाड मोडलं तेव्हा आत घालायची सळई डॉक्टरांनी तुझ्या हातात दिली होती? तू ती तळहातावर तोललीस. "लई हलकी हाय की ही! माझं वजन कशी पेलंल? त्यापरीस बिडाची घाला."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, बिडाचं लोखंड दाबाला भारी, पण आपटलं की तडकतं. अंगात गंजतं. ही टायटॅनियमची, त्यात दुसऱ्या धातूंचा थोडा मेळ घातलेला. हलकी, पण चिवट. गंज हिला शिवत नाही, म्हणून हाडही हिला आपलं मानतं."

"मंग हिच्यावर भाकर भाजंल का?"

"नाही. हिच्यात ऊब नीट पसरत नाही."

"मंग काय कामाची!"

आणि त्याच बिनकामाच्या सळईवर तू मळ्यापर्यंत चालत जायचीस! काठी दाराआड उभीच. किती ओरडायचो आम्ही, ऐकलंस का कधी? तव्याचे मात्र केवढे लाड! ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरमध्ये त्याला मांडीवर घेऊन बसायचीस, पडून तडकेल म्हणून.

सावडायला गेलो तेव्हा राखेत एक काळीनिळी दांडी दिसली. "जुनं लोखंड असंल," म्हणत दादानं ती फेकायला उचलली आणि तसाच थांबला. "शकू, हिला वजनच न्हाई गं!"

माय, तुझी मूठभर राख झाली, आणि एवढा जाळ सोसून ही सरळच्या सरळ!

मला ती देवळीत ठेवायची होती. दादा म्हणाला, "मायच्या अंगातली हाय ती. अस्थीसंगंच जाईल." मी रडले, भांडले. शेवटी गोदावरीत माझ्याच हातानं सोडली. तेव्हापासून मन खात होतं. हातात धरावी अशी तुझी एकच खूण, तीही मी पाण्याला दिली!

आज हा गंज पाहिला आणि जीव शांत झाला. सळईला माझी गरजच नव्हती. आपण सगळे गेल्यावरही ती गाळात तशीच राहील. केवढं नवल हे! तव्याला मात्र रोज कुणाचा तरी हात लागतो.

चुलीच्या राखेनं घासला, तेल लावलं. पहिली भाकर चिकटून मोडली. दुसरी फुगली, अगदी तुझ्या हातच्यासारखी टम्म!

शब्द देते, माय. माझ्या हातात बळ आहे तोवर याला गंजू देणार नाही.

तेलकट हातांची तुझी,
शकू