फ्लॉपीतलं बदक

सोमवार, ३ मार्च
अर्ज पुन्हा ‘विचाराधीन’! कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारा गृहस्थ (मनातल्या मनात मी त्याला द्वारपाल म्हणते) अॅडमिनचा पासवर्ड टाकायला खुर्चीतून हलत नाही.

काम केवढंसं? आमच्या कारखान्यातल्या काकूंचं भरतकामाचं यंत्र जुनं, नक्षी फ्लॉपीवरूनच घेतं. फ्लॉप्या एकेक करून राम म्हणायला लागल्या, म्हणून यंत्रात फ्लॉपीच्या खाचेच्या जागी एक डबी बसवली. तिच्यात पेन ड्राइव्ह खुपसायचा, त्यावर अख्खी फ्लॉपी एकाच फाइलीत – तिला इमेज म्हणतात. ती उघडून नक्षी बदलायला गेलं की कॉम्प्युटर पासवर्ड मागतो. झालं!

शुक्रवारपर्यंत दातांच्या दवाखान्याचे चाळीस अॅप्रन गेले नाहीत, तर यंत्र भंगारात आणि काकू पॅकिंगला. मालकांनी तसं सांगूनच टाकलंय. बावीस वर्षं त्या यंत्रावर बसल्यात काकू. मला फार वाईट वाटतंय.

मंगळवार, ४ मार्च
सहावा अर्ज. विचाराधीन.

बुधवार, ५ मार्च
जमलं! इमेज म्हणजे शेवटी साधी फाइल. खरी डिस्क म्हणून जोडायला गेलं की पासवर्ड. पण एक चिमुकला प्रोग्रॅम मिळाला – इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही – तो तिला न जोडताच आतलं बदलतो. माझ्या फोल्डरातली माझी फाइल, कोणाच्या बापाची परवानगी नको!

जुन्या फ्लॉपीची इमेज कोणीतरी करून ठेवली होती. तिच्यात दाताची नक्षी घातली. घरी नवऱ्याला अर्धा तास सगळं समजावलं. तो ‘छान’ म्हणाला आणि मीठ मागितलं.

गुरुवार, ६ मार्च
नाक कापलं गेलं. नवी नक्षी घातली, जुनी काढलीच नाही! यंत्र यादीतली पहिली उचलतं आणि एका वेळी सहा कपडे भरतं. काकू चहा पिऊन येतात तो सहा अॅप्रनांवर हसरं पिवळं बदक.

त्या रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, “पोरी, बदकाला दात असतात का गं?” मग दोघी इतक्या हसलो की मला रडूच आलं.

इमेजमधून बदक काढायला दोन मिनिटं लागली. अॅप्रनांवरून उसवायला संध्याकाळ झाली.

शुक्रवार, ७ मार्च
चाळीस गेले! यंत्र राहिलं, काकू राहिल्या. एका अॅप्रनच्या खिशाखाली बदकाचा पाय राहिलाय. दिसायचा नाही.

सोमवार, १० मार्च
जेवणाच्या सुट्टीत द्वारपाल आला. दार लावून घेतलं. मी म्हटलं, आता खरडपट्टी.

हातात माझे सहाही अर्ज. म्हणाला, “मॅडम, पासवर्ड माझ्याकडे नाहीये. आधीचा माणूस न सांगता सोडून गेला. चार वर्षं झाली.”

चार वर्षं! मालकांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून बिचारा सगळ्यांचे अर्ज ड्रॉवरात भरत बसलाय. मग खालच्या मानेने म्हणाला, “ते पासवर्डशिवायचं... मला शिकवाल?”

अर्ज करा, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून खुर्ची पुढे सरकवली.