आडव्या दाढेच्या ऑपरेशनआधी

पिंपरी, मंगळवार

तीर्थरूप दत्तराव दाजी यांच्या पायावर लिंबाजीचं डोकं. (डाव्या अंगानंच टेकवलंय. उजवा गाल गाभण शेळीच्या पोटावाणी फुगलाय.) तुमची, अक्काची अन् खोंडाची तब्येत बरी असंल. आई अजून सोनपेठचा बाजार पायी करती का? करत असंल तर करू द्या, अडवलं की भांडती.

पत्राला कारण की माझी अक्कलदाढ आडवी उगवली. दवाखान्यात फोटो काढला तवा दिसलं, की ती वर यायचं सोडून शेजारच्या दाढंला ढुशी मारायलीय. आता हिरडी चिरून काढायची, न्हाई तर पू हाडात उतरंल, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी पुरतं बेशुद्ध करतेत. भुलीचा डॉक्टर वेगळा असतोय. (दाढंला हातबी लावत न्हाई, नुसतं झोपवतो. असं काम असतंय हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी चौथीत शाळा सोडली नसती.) त्यांनी हलता दात हाय का विचारलं, दारू पिता का विचारलं. मी म्हणलो, घरी कळणार नसंल तर कधीमधी. त्यांनी ते लिहून घेतलं.

काल सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. पोटात पाण्याचा थेंब न्हाई, अंगात त्यांचा हिरवा झगा. (तो मागून उघडा असतोय. दवाखान्याला कापड कमी पडलं का काय, कळलं न्हाई.) सिस्टर म्हणल्या, अंगावर धातू असंल ते काढा. मी म्हणलो, काही न्हाई. मंग त्यांना माझा करदोडा दिसला, अन् त्याला बांधलेला काट्याचा चिमटा, कानकोरणं आन पेटीची किल्ली. त्यांनी कात्री आणली. दाजी, तुमाला माहीतच हाय, आपल्याकडं माणसाचा करदोडा एकदाच तोडतेत, सरणावर, अन् तवा त्याला विचारत न्हाईत. मी टेबलावरून उतरलो ते फाटकापर्यंत गेलो. झगा मागून उघडा हे फाटकापाशी ध्यानात आलं. वॉचमन भला माणूस, पाठ भिंतीला लावून उभं राहा म्हणला.

डॉक्टर लय तापले. बुधवारी शेवटची पाळी, मंग महिनाभर नंबर न्हाई म्हणले. सुट्टीबी गुरुवारपर्यंतच हाय. बेजार होऊन पडलो होतो, तर वार्डातल्या आया सुलाबाई भेटल्या. माहेर सेलूचं. सगळं ऐकून म्हणल्या, "आरं येड्या, आधी नवा बांध, मंग जुना सोड. मधी माणूस उघडा राहिला न्हाई म्हंजी झालं." त्यांनी बँडेजची पट्टी फाडून माझ्या कंबरंला तीन गाठी मारल्या अन् जुना सोडला. सिस्टर आल्या, म्हणल्या, हे काय? सुलाबाई म्हणल्या, "बँडेज हाय, दिसत न्हाई का?" सिस्टरनी कागदावर लिहिलं, कंबरेला जखम. आता भुलीचे डॉक्टर दोनदा येऊन जखम हुडकून गेले.

तवा उद्या सकाळी आठला ऑपरेशन. मला भीती बिलकुल न्हाई. तुमीबी फिकर करू नका.

तुमचा मेव्हणा,
लिंबाजी

ता. क. — आईला पत्र वाचून दाखवताना भूल, दारू अन् फाटक गाळा. पण मधी थांबू नका, ती पानं मोजती. गाळल्या जागी पाऊसपाणी म्हणत राहा.

आणखी एक — शुद्धीवर येताना घरचं माणूस समोर लागतंय. असं दवाखान्यानं सांगितलं न्हाई, मलाच लागायलंय. जमलं तर उद्या आठच्या आत या. तार केली असती, पण तार आली की आई आधी रडती, मंग वाचून घेती. हे पत्र तुमाला शनिवारी भेटंल. तरी या.