कोरड्या वाऱ्याचा अंदाज

बुधवार, संध्याकाळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत एक निषेध. तुझ्या गाद्या भिजल्या त्याला हवामान खातं जबाबदार नाही. 'तुरळक सरी' असं आम्ही स्पष्ट कळवलं होतं. त्यातली एक नेमकी तुझ्या गच्चीवर आली, हा दैवयोग. तेवढ्यावरून सख्ख्या भावाला 'ढगोबा' म्हणणं कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

परवा तुझा टिल्लू ऑफिसात डोकावून गेला. वैमानिकाच्या गणवेशात चक्क माणसासारखा दिसतो. "मामा, बिनढगाची रात्र दे, बाकी मी बघतो," म्हणाला. गेल्या खेपेला परतताना त्यांचं एक विमान ढगात डोंगरावर आपटलं, हे त्याने तुला सांगितलं नसेल. मीही सांगणार नव्हतो.

टपालात पत्रं उघडतात, म्हणून हे तुझ्या भावजयीच्या हाती पाठवतो आहे.

काल लष्करातले एक अधिकारी आले. एरवी ते ढगांचं विचारतात. या वेळी विचारलं, नदीपलीकडच्या शहरात हवा सगळ्यांत कोरडी आणि वारा सगळ्यांत जोराचा कधी? बॉम्ब टाकायला कोरडी हवा कशाला, असं मी विचारून बसलो. आमच्या साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. तिथली जुनी वस्ती सगळी लाकडी आहे, ताई.

मग मी माझी पोथी उघडली: निःशस्त्रावर प्रहार नाही, सूर्यास्तानंतर युद्ध नाही.

"काका, तुमचं युद्ध सूर्यास्ताला थांबायचं, आमचं तेव्हा सुरू होतं," अधिकारी शांतपणे म्हणाले. "त्यांनी आपलं बंदर जाळलं तेव्हा कुठे होते नियम? हे लवकर संपलं तर दोन्हीकडची माणसं वाचतील."

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "आपण नुसता वारा सांगतो हो. काडी दुसरे लावतात." पण त्यांचा चहा तसाच निवत पडला होता.

सकाळपासून नकाशा पुन्हा पुन्हा पुसून नव्याने काढतोय; वारा ऐकत नाही. शुक्रवार. कोरडा, सोसाट्याचा, वर एक ढग नाही. मोहीम काही रद्द व्हायची नाही; शुक्रवार लपवला तर ही मुलं रविवारी ढगांत जातील, आणि त्यांत टिल्लू असेल. सांगितला तर काय होईल, ते मला कुणी समजावून द्यायला नको.

उद्या सकाळी मी शुक्रवारच सांगेन, असं दिसतं. आणि टिल्लूसाठी सांगितला, असं म्हणून तो पचवूनही टाकीन. भीती वाटते ती त्याचीच.

तुझा,
धाकटा