डिंफ्नाची न उघडलेली फाईल

१२ फेब्रुवारी १९९८, गुरुवार. एनिस

शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून आम्ही दोघी बहिणी एकच सफरचंद आळीपाळीने खायचो. एक घास तिचा, एक माझा. शेवटचा घास मात्र कुणीच घेत नसे. 'तू घे', 'नको, तू' — असं करता करता सिस्टर बर्नार्डची घंटा व्हायची आणि तो घास चिमण्यांना जायचा. आज सकाळपासून तेच डोळ्यांसमोर. डिंफ्नाला जाऊन आठवडा झाला.

ती राहायची त्या परदेशातल्या गोथेनबर्गला अजून दफनसुद्धा नाही. सत्तावीस तारखेला आहे. तीन आठवडे थांबतात तिकडे! आपल्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस मातीत असतो आणि शेजारीपाजारी सँडविच खात त्याच्या गोष्टी सांगत असतात.

१३ फेब्रुवारी

बिर्गिट्टाचा फोन. डिंफ्नाच्या शेजारी राहते. शेवटी तीच जवळ होती. म्हणाली, "सप्टेंबरात तिने तुम्हाला विचारलं होतं ना? तुमचं उत्तर आलं म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही."

मी नुसतं 'हो, हो' केलं. काय विचारलं होतं, हे विचारायची लाज वाटली.

१४ फेब्रुवारी

चर्चच्या पॅरिश ऑफिसात जाऊन तिथल्या मशीनवरच्या जुन्या ईमेल काढल्या. १९ सप्टेंबर. तिची एकच ओळ — 'सोबतची फाईल सवडीने वाच.' खाली फाईल कसली, 'एम'ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांच्या ओळीच ओळी. तिचं मशीन मॅकिन्टॉश, आमचं विंडोजचं. दोघांचं पटत नाही, हे मला माहीत होतं. तेव्हा वाटलं, नेहमीसारखा फोटो असेल. शिवाय ईमेल शिक म्हणून तिच्या मागे मीच लागले होते. आता मलाच उघडता येत नाही, असं कसं लिहायचं? मग लिहिलं: 'सगळं पोचलं, छान. इथे आठ दिवस पाऊस. चर्चच्या मेळाव्याचा पार चिखल झाला.'

कशाला 'छान' म्हटलं मी?

१६ फेब्रुवारी, सोमवार

मालाखीला बोलावलं. चाळीस वर्षं तारखात्यात काढली त्याने, आता हौसेने लोकांची मशीनं दुरुस्त करतो. पडद्याकडे बघून म्हणाला, "बहिणीने पत्र लिहिलं ते ठीक, पण असं शिवून कशाला पाठवलं?"

"तू उसव. बडबड नको."

"सिस्टर लोकांनी तुला 'कृपया' शिकवलं नाही वाटतं."

मग नीट समजावलं. ईमेलमधून साधी अक्षरंच सुखरूप जातात, म्हणून फाईल अक्षरांत गुंडाळून पाठवायची आणि इकडे उलगडायची. उलगडून पाहिली — होईना. त्याने बोट ठेवून ओळी मोजल्या. भरलेल्या ओळीत एकसष्ट जागा हव्यात. कितीतरी ओळी तोकड्या. या लिपीत रिकामी जागा हेसुद्धा एक अक्षरच. वाटेतल्या कुठल्या तरी मशीनने ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा बिनकामाच्या समजून कापून टाकल्या.

"घरी नेतो. छोटासा प्रोग्रॅम लिहिला की दोन मिनिटांत भरून होईल."

"नको. मीच भरते."

"हाताने?"

त्याच्या घरी ते आधी उघडायला नको, हे मला बोलता येईना. त्याला कळलं असावं. टोपी उचलली. "बरं. मग मोज, बाई."

१८ फेब्रुवारी

दोनशे तीस ओळी. एकेचाळीस तोकड्या. लेस विणताना सिस्टर बर्नार्ड टाके मोठ्याने मोजायला लावायची, तशीच पुटपुटत मोजते आहे. फादर केव्हिन आत डोकावले, मी जपमाळ करते आहे असं वाटून परत गेले.

१९ फेब्रुवारी

एकतीस झाल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय.

२१ फेब्रुवारी

सगळ्या भरल्या. मालाखी येऊन म्हणाला, "मग उघडली का नाहीस?"

"उद्या."

"अगं, पत्र आहे ते, बॉम्ब नाही." मग माझ्याकडे बघून त्याने चहा ओतला.

२२ फेब्रुवारी, रविवार

उघडली. सुरुवातीला चौकोन आणि कचरा, मग तिचं पत्र. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं भलतंच उमटलंय, बाकी स्वच्छ.

'ऊना, डॉक्टर सहा महिने म्हणतात. ते घरी काढावेत असं वाटतं. मागची खोली चालेल मला. जमणार नसेल तर तसं लिहू नकोस — आपल्या घरात कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही. नुसतं हवापाण्याचं लिही. मी समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

'तसं झालं तर मला इथेच पुरा. निळा कोट बिर्गिट्टाला. बाबांचं घड्याळ आपल्या फिंटनच्या लेकीला, ग्रॉन्याला, तिला वेळेचं भान नाही. पुस्तकं माझ्या शाळेला. तुला काहीच पाठवू नको म्हणून सांगितलं आहे. समोर दिसत राहिलं की तुला वाईट वाटेल.'